अक्कांचा बिनविरोध डाव

अक्का, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागलीय, आणि जो येतो तो तुमच्याबद्दल गोड बोलतो. शांत होत्या म्हणे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी चहा पुढं करते, मान हलवते आणि मनात म्हणते, ही माणसं नेमकी कुणाच्या घरी आलीत? बदाम सात खेळताना इस्पिकची सत्ती हातात दाबून धरायची, सगळ्या घराचा खेळ अडवायचा आणि वर चष्म्यातनं बघत "काय गं शालन, पास का?" असं विचारायचं, ही बाई शांत? अहो, पत्त्यात तुम्ही सख्ख्या भाच्यालाही कधी सोडलं नाही. पोर रडायला लागलं तरी तुमची सत्ती काही खाली यायची नाही.

मला गोड बोलता येत नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात. माझ्या लग्नानंतर सुरू झालेलं, चुलीपुढं, एस.टी.त, शेवटी दवाखान्यातही चाललेलं भांडण. परवा तुमच्या आठवणीला माणसं जमली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते मी जिंकले, आणि ऐकायला तुम्ही नव्हतात. ह्याला काय अर्थ आहे?

पण सुरुवातीपासनं सांगते. तुम्हाला शेवटापासनं उलटं मोजत यायची सवय, मला सरळ.

ह्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "नवरा कबनूरला कापडाच्या मागावर जातोय, गरीब गाय हाय. पण थोरली नणंद कोल्हापुरात कॉलेजात प्रोफेसर हाय, तिला जपून ऱ्हा." मी घाबरूनच आले. आमच्या पिढीत बाई दहावी झाली की घरचे पेढे वाटायचे, आणि तुम्ही अर्थशास्त्र शिकवायचात. लग्न केलं नाहीत. राजारामपुरीत खोली घेऊन राहायचात, आणि रविवार आला की एस.टी.नं हातकणंगल्याला उतरून गावी यायचात. पहिल्यांदा तुम्ही उंबऱ्यातनं आत आलात तेव्हा मी पदर सारखा करत उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "बस की. परीक्षा घ्यायला आलो न्हाय मी." पुण्यात शिकून आलात, पण 'मी आलो, मी जातो' हे कोल्हापुरी बायकांचं बोलणं तुम्ही काही सोडलं नाही. माझी भीती तिथंच निम्मी गेली.

तुम्ही कॉलेजात काय शिकवता हे मी विचारलं ते पोरं झाल्यावर. दोघं खरवसाच्या एका वडीवरनं एकमेकांच्या झिंज्या ओढत होती, आणि मी दोघांना धपाटे घालायच्या तयारीत. तुम्ही थोरलीच्या हातात सुरी दिलीत. म्हणालात, "तू काप. आणि धाकटा पहिला उचलंल." पोरगी अशी वाकून कापायला लागली की सोनारानं बघावं. दोन्ही तुकडे सारखे झाले आणि दोघं गप्प खायला लागली.

"भांडण का मिटलं सांग," तुम्ही मला विचारलंत. "पोरं शहाणी झाली?"

"कुठली शहाणी! एकापेक्षा एक हावरी हायत."

"हावरीच हायत. नियम शहाणा झाला. हेच शिकवतो मी."

मला वाटलं, अगं बाई, ह्याला कॉलेज कशाला लागतंय? तुम्ही म्हणालात की पुस्तकात ह्याला खेळाचा सिद्धांत म्हणतात. जिथं माझं भलंबुरं माझ्या एकटीच्या हातात नसतं, समोरचा काय करतो त्यावरही असतं, तो सगळा खेळच. मग सौदा असो, लग्न जुळवणं असो, नाही तर निवडणूक. त्यात पहिली गोष्ट अशी की आपल्याला काय पाहिजे हे सगळ्यांनाच कळतं. समोरच्याच्या जागी जाऊन बसायचं आणि त्याला काय पाहिजे, तो कशाला भितो हे बघायचं, ते लोक करत नाहीत. मी म्हटलं, "अक्का, हे बायकांना शिकवायला नगो. सासुरवाशीण दुसरं काय करती?" तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नंतर वर्गातही तुम्ही ते सांगितलंत म्हणे, माझ्या नावानिशी.

आणि भांडण सुरू झालं ते हातकणंगल्याच्या स्टँडवर. गाडी लागली, लोकांनी खिडकीतनं रुमाल, पिशव्या, टोप्या आत टाकल्या, आणि आपण दारातनं चढेपर्यंत सगळ्या जागा धरून झालेल्या. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "बघ, कुठल्या कायद्यात न्हाय की रुमाल टाकला म्हंजे जागा त्याची. तरी कुणी उचलून फेकत न्हाय. का?"

"माणसाला लाज असती म्हणून."

"लाज न्हाय. उद्या त्याचा रुमाल असणार हाय म्हणून. रोज हीच गाडी, हीच माणसं. आज मी तुझा फेकला तर उद्या तू माझा फेकशील. परत परत तोंड बघायचं असलं की माणूस नीट वागतोय."

मी एका म्हाताऱ्याकडं बोट दाखवलं. पायात नवं पायताण, हातात आहेराची पिशवी, लग्नाला आलेला मुरगूडकडचा पावणा. ह्या गाडीत परत जन्मात बसायचा नाही. त्याच्या पुढ्यातल्या सीटवर रुमाल होता, आणि तो बाबा दांडा धरून उभा होता. मी म्हटलं, "ह्याला कुणाचं तोंड बघायचंय परत?"

तुम्ही म्हणालात, "तो अपवाद."

झालं, तिथनं जे जुंपलं ते शेवटपर्यंत. तुमचं म्हणणं एकच: ज्या शब्दाला बोलणाऱ्याचं काहीच लागत नाही तो फुकटचा शब्द, त्यावर शहाण्यानं पाऊल टाकू नये. समोरच्याचा फायदा कशात आहे ते बघावं आणि तेवढंच खरं मानावं. माझं म्हणणं, माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात, फायदा असला तरी आणि नसला तरी, आणि जग त्यावर चालतं. तुम्ही मला 'भाबडी' म्हणायचात, मी तुम्हाला 'कोरडा हिशोब' म्हणायची. ह्यांना मध्ये घेतलं की हे म्हणायचे, "दोघी बी बरोबर हायसा," आणि मागावर पळायचे.

मग बायकांसाठी जागा राखीव झाल्या, ती नव्या काळातली निवडणूक आली. आपल्या वॉर्डातली जागा आपल्या समाजाच्या बाईसाठी निघाली. गावात गट दोनच, आजोबांच्या काळापासनं. वरच्या आळीचे आप्पा आणि खालच्या आळीचे तात्या. दोघांनीही आपापल्या कह्यातली बाई आमच्या वस्तीतनं उभी केली. मी तिसरी उभी राहिले, ते नळासाठी. गावच्या टाकीची पाइप दूध संस्थेच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबली होती, आणि ओढ्यापलीकडं आमच्या वस्तीत बाया उन्हाळ्यात झऱ्याला वाट्या लावून बसायच्या. दर निवडणुकीला आप्पा म्हणायचे नळ देतो, तात्या म्हणायचे नळ देतो. इथं मात्र मी तुमच्या बाजूची होते, अक्का. त्याहून फुकटचे शब्द मी आयुष्यात ऐकले नाहीत.

मी निवडून आले. आणि निकाल मोजून बघते तर काय, अकरा सदस्यांत आप्पांचे पाच, तात्यांचे पाच, आणि मधे मी!

सरपंच तेव्हा गाव निवडत नव्हतं, हे अकराजणच आपल्यातनं निवडायचे. त्या खेपेला पद बाईसाठी राखीव होतं, कुठल्याही समाजाची चालेल. आप्पांनी सुनेला पुढं केलं, तात्यांनी बायकोला. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, सरपंच निवडीआधी सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं. बोलेरो नाही तर ट्रॅक्स भरायची, खायला-प्यायला घालायचं, आणि निवडीदिवशी थेट पंचायतीच्या दारात आणून उतरवायचं. दोघांचेही पाचपाच रवाना झाले होते. राहिले मी एकटी.

सकाळी आप्पांचा माणूस दारात. "वैनी, बॅग भरा. गोव्याला जायचंय."

तो हलतोय तोवर तात्यांची गाडी. "ताई, चला. तुळजापूर, गाणगापूर, सगळं देवदर्शन."

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध माणसं. आम्ही देवाला जात न्हाय."

तो म्हणाला, "मग तुम्ही गाडीत बसून ऱ्हावा. आम्ही दर्शन घिऊन येतो."

दोघांनीही जाता जाता सांगितलं की नळाचं बघतोच. दोघांनीही सांगितलं की उपसरपंच तुम्हालाच करू. आणि दोघंही निघताना हळू आवाजात म्हणाले की विचार करा वैनी, वस्तीतल्या बाया भांगलणीला आमच्याच रानात येतात. ते ऐकून हे भाकरी तशीच टाकून उठले. "शालन, कशाला ह्यांच्या मधे? मृदंगासारखा दोन्हीकडनं मार बसंल." खरंच होतं ते. चुकलं असतं तर माझं सदस्यपद गेलं नसतं, पण वस्तीतल्या बायांचं काम गेलं असतं, आणि नळाचं नावही पुढची पाच वर्षं कुणी काढलं नसतं. मी एस.टी.डी.वरनं तुम्हाला फोन केला. तुम्ही रजा टाकून आलात.

आलात ते सरळ चुलीपुढं बसलात. परातीत कांदा ठेवलात, बटाटा ठेवलात आणि मधे एक हिरवी मिरची.

"कांदा आप्पा, बटाटा तात्या, मिरची तू. आता आप्पाला सगळ्यात जास्त काय पाहिजे?"

"सून सरपंच."

"आणि सगळ्यात जास्त भीती कशाची?"

मी विचार केला. "तात्याची बायको सरपंच व्हायची."

"आणि तू झालीस तर?"

"नाक मुरडंल. पण तात्यापरीस बरी, म्हणंल."

"तात्याचं?"

"तसंच की. उलटं." आणि मला एकदम हसू आलं. "अक्का, ह्या दोघांचं आजोबापासनं एकच हाय. आपला आला न्हाई तर न्हाई, पण त्येचा येता कामा न्हाय."

"मग झालं की. दोघांच्या यादीत तू दुसरी हायस. आणि पहिल्या नंबरावर दोघं एकमेकांना येऊ देणार न्हाईत. तू उपसरपंचपद कशाला घेतीस, खुळे? खुर्ची माग."

आमच्या वस्तीतला सदस्य पंचायतीत दाराजवळच्या बाकावर बसायचा आणि सांगतील तिथं सही करायचा. खुर्ची माग म्हणे! पण तुम्ही मिरची उचलून पायरीपायरीनं सांगितलंत. मी अर्ज भरला आणि स्वतःला मत दिलं, तर त्यांचे पाच-पाच होतात आणि चिठ्ठी टाकावी लागते. चिठ्ठीवर घराण्याची अब्रू लावायची हिंमत दोघांतल्या एकातही नाही. मला फक्त एका गटाची गरज, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला भीती की दुसरा आधी माझ्याकडं वळेल. मागं राहिला त्याच्या हातात काहीच नाही. "म्हणून कुणाच्या गाडीत बसू नको," तुम्ही म्हणालात. "गाडीत बसलीस की एकाची भीती गेली आणि दुसऱ्याची आशा गेली. मग तुला कोण विचारतंय?"

"पण मी अर्ज मागं घेणार न्हाय हे त्यांना खरं कसं वाटंल? धमकी दिली की घाबरंल म्हणतील."

"तुझा शब्द फुकटचा ठेवू नको. महाग कर."

त्या संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्या वस्तीपुढं उभी राहिले. आवाज माझा तुम्हाला माहीत आहे, वरच्या आळीपर्यंत जातो. मी म्हटलं, मी कुणाच्या गाडीत बसणार नाही. मी सरपंचपदाचा अर्ज भरणार आणि मागं घेणार नाही. घेतला तर ह्या वस्तीत मला कुणी पाणी विचारू नका. जो गट मला साथ देईल त्याचा उपसरपंच. म्हाताऱ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. दोन्ही आळ्यांचे कानही विहाराच्या भिंतीबाहेर होतेच. आता मागं फिरले असते तर तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि ते आप्पा-तात्यांनाही कळलं होतं. स्वतःचे परतीचे दोर कापले की समोरचा आपलं खरं मानतो, हा तुमचा धडा मी असा गिरवला.

निवडीचा दिवस. तहसीलचे साहेब टेबलाशी, आप्पांचे पाच गोव्याच्या उन्हानं काळेठिक्कर, तात्यांच्या पाचांची कपाळं कुंकवानं लालभडक. मी दाराजवळच्या बाकावर न बसता टेबलासमोर बसले. अर्ज तीन आले. छाननी झाली. साहेब म्हणाले, माघार घ्यायची असेल तर आता घ्या. मग आप्पांची सून उठली आणि टेबलाकडं निघाली, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं तात्यांची बायको उठली! दोघी टेबलाशी एकमेकींवर आदळल्या. दोघींच्या हातात माघारीचा कागद.

साहेब म्हणाले, "एकेकीनं या हो."

आप्पांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी आप्पांकडं. दोघांनाही वाटलं होतं आपण दुसऱ्याच्या आधी पाऊल टाकतोय. आणि आता सगळ्यांदेखत पुढं केलेली माघार मागं कशी घ्यायची? आप्पांची सून मात्र सुटल्यासारखी हसत होती, तिला बिचारीला नकोच होतं ते. साहेबांनी चष्मा वर केला आणि माझं नाव वाचलं. बिनविरोध.

अक्का, मी खिडकीतनं बाहेर बघितलं. वस्तीच्या बाया ओरडत होत्या, कुणी थाळी बडवत होतं, आणि तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होतात, चष्मा हातात, चेहरा आभाळाकडं. मला वाटलं रडताय. बाहेर आल्यावर कळलं की हसू आवरत होतात. साथ दोघांनीही दिली, म्हणून उपसरपंचासाठी चिठ्ठी टाकली, तात्यांच्या माणसाचं नाव निघालं. आप्पांनी पाय आपटले, पण सरपंचपद तात्याच्या घरात गेलं नाही ह्या आनंदात घरी जाऊन जेवले म्हणे. आणि बायांचं काम काही कुणी तोडलं नाही. दोघांनाही पुढची पाच वर्षं माझं मत लागणार होतं.

माझा पहिला ठराव पाइपचा. त्याला हात दहाच्या दहा वर आले, कारण प्रत्येकाला भीती, आपण नाही म्हटलं तर श्रेय दुसऱ्याला! पाइप ओढा ओलांडून आली त्या रविवारी तुम्ही पहिल्या गाडीनं आलात. नळाखाली ओंजळ धरलीत, पाणी प्यायलात, तोंड पुसलंत, आणि काय म्हणालात? "आता घागरींच्या पाळ्या कशा लावणार सांग." सगळी वस्ती नाचत होती आणि ह्या बाईला पुढचा खेळ दिसत होता. मी तुम्हाला भिजवलं त्या दिवशी. चांगली घागरभर ओतली अंगावर. तुम्हाला आयुष्यात कुणी भिजवलं नसेल तेवढं भिजवलं.

संध्याकाळी केस वाळवत बसल्या होतात तेव्हा तुम्ही माझ्यापुढं मिरवलंत. "बघितलंस? दोघं भीतीनं वागले. विश्वास कुठं लागला ह्यात? नुसतं गणित."

मी म्हटलं, "पण दोघं एकदमच कसे उठले, अक्का? एकानं माघार घ्यावी हे समजलं. दोघांनी?"

"होतं असं कधी कधी," तुम्ही म्हणालात आणि टॉवेल डोक्यावरनं पुढं ओढलात. तोंड दिसलं नाही. मला तेव्हा तरी काही वाटलं नाही. मी सरपंच होते, माझ्या दारात नळ होता, गणित म्हणा की काय म्हणा.

मग वर्षं गेली. तुम्ही निवृत्त झालात, आपल्याकडं राहायला आलात, पत्त्यात नातवंडांना छळायला लागलात. आणि गेल्या उन्हाळ्यात दुखणं आलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी म्हटलं, "डॉक्टर म्हणालेत, चार दिवसांत घरी सोडतो." डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते. तुम्हाला ते माहीत होतं, तुम्ही माझ्या तोंडाकडं नीट बघितलंत. मी वाट बघत होते की आता म्हणाल, फुकटचे शब्द. तुम्ही म्हणालात, "मग खरवस करून ठेव." अक्का, तुम्ही माझं का ऐकलंत हो तेव्हा? मी जिन्यात जाऊन किती रडले ते तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि तुमच्यामुळं माझी मान वर झाली, हे इतक्या वर्षांत एकदाही सरळ शब्दांत म्हटलं नाही. दर वेळी भांडतच बसले.

परवा पुण्यानुमोदनाला सगळं गाव आलं. मांडवाच्या एका टोकाला आप्पा, काठी टेकून, दुसऱ्या टोकाला तात्या. दोघंही थकलेत आता. विहारातल्या भन्तेंचं बोलणं झालं, तुमचे विद्यार्थी बोलले, आणि मग आप्पा हळूहळू उठून माझ्यापाशी आले.

"सरपंच," ते मला अजून तसंच म्हणतात, "तुझी नणंद लई मोठ्या मनाची. तिचं एक देणं हाय माझ्यावर. निवडीच्या आदल्या दिवशी माझ्या घरी, सोप्यात आलती. बस म्हणलं तर बसली न्हाई. म्हणाली, आप्पा, उद्या तात्या माघार घेणार हाय, शालनला साथ देणार. तुम्ही मागं ऱ्हाऊ नका. मी इचारलं, कशावरनं? तर म्हणाली, मी सांगतो म्हणून. आणि तसंच झालं की! ती नसती सांगायला आली, तर सून माझी पडली असती."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला तात्यांनी मान वर केली. कान अजून तिखट आहेत त्यांचे. "काय म्हणालास, आप्पा?"

"तुला काय करायचंय?"

"आरं, मलाबी तीच आलती सांगायला! आप्पा माघार घेणार हाय म्हणून!"

दोन म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. इतकी वर्षं दोघांनीही हे तोंडातनं काढलं नव्हतं, कारण आपण भिऊन माघार घेतली हे सांगायचं कुणी? आधी आप्पांचे खांदे हलायला लागले. मग तात्यांचे. आणि मग त्या दोघांनी, आजोबापासनंच्या वैऱ्यांनी, भर मांडवात असं काही हसायला सुरुवात केली की भन्तेही हसले. "फशिवलं की रं बाईनं दोघांला!" तात्या म्हणत होते आणि डोळे पुसत होते.

निवडीच्या आदल्या दिवशीची ती संध्याकाळ मला आठवली. जरा पाय मोकळे करून येतो म्हणालात आणि बऱ्याच वेळानं आलात. मी विचारलं, कुठं गेलतासा? तुम्ही म्हणालात, वाढ गं, भूक लागलीय.

तुम्ही दोघांनाही खोटं सांगितलंत, अक्का, आणि ते दोघांच्याही बाबतीत खरं झालं. सांगितलंत म्हणूनच खरं झालं. वा गं माझ्या नणंदे! पण आता माझं ऐका. त्या डावात आप्पांना तुम्ही काय दाखवलंत? साक्षीदार नव्हता, कागद नव्हता, काही नव्हतं. वर तुम्ही माझी नणंद, ह्यात तुमचा फायदा शेंबड्या पोरालाही दिसला असता. तुमच्याच शास्त्राप्रमाणं त्यांनी तुम्हाला दारातनं हाकलायला पाहिजे होतं. 'मी सांगतो म्हणून' ह्यापेक्षा फुकटचा शब्द दुसरा कुठला? आणि दोन्ही बेरकी माणसांनी तो उचलला. तुमचं सगळं गणित मी म्हणते त्या भाबड्या विश्वासावर उभं होतं, आणि हे कळलं तर मी जिंकेन म्हणून तुम्ही मरेपर्यंत मला सांगितलं नाही. होय की नाही?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तो शब्द फुकटचा नव्हता, शालन. त्यातल्या एकानं जरी माघार घेतली नसती तर दुसऱ्यानं जन्मभर मला खोटारडी म्हटलं असतं. माझी पत लागली होती त्याला.

लागली होती ना? आयुष्यभर कुणाशी खोटं न बोलून जमवलेली सगळी पत तुम्ही एका संध्याकाळी, एकट्या, दोन आळ्या पायी फिरून, माझ्यासाठी डावावर लावलीत. आणि पत म्हणजे काय हो, अक्का? विश्वासच की! ज्या दोघांच्या सोप्यात माझ्या सासऱ्यांना, तुमच्या वडलांना, कधी कुणी बसा म्हटलं नव्हतं, त्यांनी आपल्या वस्तीतल्या एका बाईचा शब्द, निव्वळ ती बोलली म्हणून, खरा मानला आणि आपापली खुर्ची सोडली. मी सरपंच झाले ते त्यानं. मिरचीनं नाही, भीतीनं नाही, चिठ्ठीनं नाही. हे मी परवा सगळ्या मांडवाला उभं राहून सांगितलं, माझ्या नेहमीच्या आवाजात, वरच्या आळीपर्यंत ऐकू गेलं असेल. आप्पा आणि तात्या दोघंही मान हलवत होते. बिनविरोध.